ईस्टरची सर्व्हिस

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगतो. जाऊ दे, नका देऊ. माझ्या बायकोने, अनघाने दिलं होतं, आणि अर्धा किस्सा ऐकेपर्यंत तिच्या नाकातून चहा आला होता.

माणूस गाढवपणा करतो म्हणजे किती करावा? मी जो केला तो पृथ्वीच्या पार टोकाला जाऊन केला. तिथून पुढे नुसतं पाणी आणि मग बर्फ. तिथे माझा गाढवपणा बघायला एक अख्खं गाव धुतलेले कपडे घालून जमलं होतं. गावाचं नाव विचारू नका. मला तिथे अजून तोंड दाखवायचंय.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आम्ही क्राइस्टचर्चला, हॉर्नबी नावाच्या उपनगरात राहायचो. पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं. जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनीअर म्हणून चिकटलो होतो, तेही प्रोबेशनवर. म्हणजे बॉस नुसता खोकला तरी मी खुर्चीतून अर्धा उठायचो.

एक दिवस बॉस, त्याचं नाव ग्रॅहम, वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाला, "दक्षिणेला एका बेटावर सर्व्हिस आहे. शनिवारी बोट जाते, सोमवारी परत. कोण जातंय?"

सगळे छताकडे बघायला लागले. ईस्टरचा वीकेंड होता ना! कुणाला कॅम्पिंगला जायचं होतं, कुणाला सासूकडे. मी हात वर केला. मला कसला आलाय ईस्टर? उलट मनात म्हटलं, या बदल्यात दिवाळीला सुट्टी मागता येईल.

"स्वीट ॲज!" म्हणजे तिकडचं 'झकास'. ग्रॅहम खूश. "मकरंद, एकट्याने करायची ही तुझी पहिली सर्व्हिस. लोकांचं समाधान झालं पाहिजे. मग तुझ्या नोकरीचं पक्कं करून टाकू."

झालं! मी हवेत.

आणि निघायच्या आदल्या दिवशी माझी मान धरली. अशी धरली, की डावीकडे बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागे. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिने स्वतःचा मानेचा पट्टा काढून माझ्या गळ्यात अडकवला. पांढराशुभ्र, मऊ. "काढलास तर बघ!" म्हणाली. वर थंडी म्हणून मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला लांब काळा कोट चढवला, पार गळ्यापर्यंत बटणं लावून. कोटाच्या वर पट्ट्याची पांढरी कड तेवढी दिसत होती.

अनघा बराच वेळ बघत राहिली. "तू ना, कुणासारखा तरी दिसतोयस. कोण ते आठवेना."

मलाही आठवेना. आठवलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं!

पार दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदराच्या धक्क्यावरून छोटी बोट निघाली आणि थोड्याच वेळात धुक्यात शिरली. आणि धुकं म्हणजे काय धुकं! समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, काही कळेना. इंजिनाचा आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा. मधेच एखादा मोठा पांढरा पक्षी शेजारून निघून जायचा, पंख न हलवता. मला वाटायला लागलं की मी झोपलोय, हॉर्नबीतल्या माझ्या पलंगावर, आणि आई आत्ता चहाला हाक मारेल.

मग धुक्यातून एक लाकडी धक्का पुढे आला. त्यावर बरीच माणसं उभी. जनरेटरवाल्याचं एवढं स्वागत? मी भारावून गेलो.

गमबूट घातलेला एक दांडगा म्हातारा पुढे आला. हा मर्व्ह. गावातली एकमेव डेअरी त्याची, म्हणजे दूध-पाव-टपालाचं दुकान. रेडिओवर बाहेरचे निरोप घ्यायचे तेही त्यानेच.

"किआ ओरा! भारतातून आलेले तुम्हीच ना? सर्व्हिससाठी?"

"हो, सर्व्हिससाठीच."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार बरं झालं! मागच्या वर्षी कुणी आलंच नाही हो."

"वर्षभर सर्व्हिस नाही?" मी गंभीर झालो. शिकल्या-सवरल्या इंजिनीअरने व्हायचं तसाच. "मग कठीण आहे. आत सगळी घाण साठली असेल."

मर्व्हने डोक्यावरची टोपी काढली. खाली मान घालून म्हणाला, "साठलीय. खरं आहे."

"घाबरू नका. मी सगळं उघडून साफ करतो. पण माझ्या मागे तुम्ही थोडं लक्ष द्यायला पाहिजे. वर्षातून एकदा कुणीतरी येणार आणि बाकीचे दिवस बघायचंच नाही, हे बरोबर नाही."

मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी डोळे पुसले. मला वाटलं, समुद्राचा वारा.

"तयारी काय करू?" मर्व्हने विचारलं.

"थोडं तेल. स्वच्छ पांढरी फडकी. आणि उजेडाला काहीतरी."

"मेणबत्त्या चालतील? हॉलचा आणि चर्चचा जनरेटर बंद आहे."

"ते मला माहीतच आहे," मी हसून म्हणालो. "चालतील."

"मग उद्या उजाडायच्या आधी. सगळं गाव येणार आहे."

गाव कशाला? पण मग म्हटलं, इथे ना सिनेमा, ना बाजार. आपल्याकडे नाही का, रस्त्यात साधा खड्डा खणत असले तरी माणसं हातातली कामं टाकून कठड्याला टेकून बघत उभी राहतात? तसंच.

"पोरं आली तर?"

"येऊ देत. फक्त लांब उभी करा. कुणी कशाला हात लावायचा नाही."

"आणि मधेमधे आम्ही गायलो तर?"

"गा की!" मी म्हणालो. "मीसुद्धा काम करताना शीळ घालतो."

मर्व्हने माझ्याकडे जरा बघितलं. मग म्हणाला, "चांगलं आहे. नव्या विचारांचे दिसता."

आता तुम्ही म्हणाल, अरे माठ्या, तुला एवढंही कळलं नाही? नाही कळलं! डोक्यात एकदा जनरेटर बसला की दुसऱ्या कशाला जागा राहत नाही.

माझी उतरायची सोय इंग्रिडआजींकडे होती. ऐंशीच्या पुढच्या, उंच, पाठीचा कणा अजून ताठ. डोळे असे निळे की त्यांतून समोरचं सगळं लांबचं दिसत असावं. मी काही बोललो की त्या थोडं थांबून उत्तर द्यायच्या, जणू शब्द फार दूरवरून चालत यायचे. घर पार पाण्याच्या काठाला. खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नाही. आत शेगडीत लाकडं जळत होती आणि पावाचा वास सुटला होता.

सूप वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, "फादर..."

मला बरं वाटलं. पाहुण्याच्या वडिलांची चौकशी आपल्याशिवाय दुसरं कोण करतं?

"ते पुण्याला असतात. तब्येत बरी आहे. फक्त गुडघे दुखतात."

आजी गोंधळल्या. "गुडघे?"

"हो. जिने चढवत नाहीत."

"मी प्रार्थना करीन," त्या म्हणाल्या.

किती चांगली बाई!

जेवण झालं. बाहेरचा उजेड विझत आला होता. आजी खिडकीकडे बघत बोलायला लागल्या. त्यांचा जन्म नॉर्वेच्या अगदी उत्तरेचा, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही अशा एका कोळ्यांच्या वस्तीतला. लग्न होऊन इकडे आल्या ते पृथ्वीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला.

"इथला ईस्टर मला अजून उलटा वाटतो," त्या म्हणाल्या. "इथे ईस्टरला उजेड जायला लागतो. तिकडे तो परत यायचा. अख्खा हिवाळा आम्ही दिव्यावर काढलेला असायचा, आणि ईस्टरला बर्फावर असं ऊन पडायचं की डोळे उघडवायचे नाहीत. माणसं कुठून कुठून यायची. कुणी होडीतून, कुणी स्कीवरून, कुणी रेनडिअरच्या घसरगाडीतून, पोरंबाळं कातड्यांत गुंडाळून. चर्च एवढंसं. ओल्या लोकरीचा वास, मेणबत्त्यांचा वास. आणि पाद्री यायचा तो तीन खाड्या ओलांडून, बोटीने."

मी ऐकत होतो. शेगडी तडतडत होती. मला खरंच ते ऊन दिसत होतं हो. पुण्याच्या माणसाला, ज्याने बर्फ पहिल्यांदा बघितला तो रसवंतीगृहात!

"तुम्हाला एक सांगू का?" आजींचा आवाज खाली आला. "कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही."

"सांगा ना."

"मी लहान होते. एका ईस्टरला मला चर्चला जायचं नव्हतं. टेकडीवर घसरगुंडी खेळायची होती. म्हणून मी देवाला म्हटलं, वादळ पाठव, पाद्र्याची बोट येऊ देऊ नकोस. आणि वादळ आलं. बोट आलीच नाही. माझी आजी अख्खा हिवाळा त्या दिवसाची वाट बघत बसली होती. ती खिडकीतून हललीच नाही. पुढचा ईस्टर तिने पाहिला नाही." त्या थांबल्या. "आणि आता मी खिडकीत बसते. सोमवारी माझा मुलगा मला इन्व्हरकार्गिलच्या वृद्धाश्रमात नेणार आहे. इथला हा माझा शेवटचा ईस्टर. मागच्या वर्षी इथेही कुणी आलं नाही, तेव्हा मला वाटलं, ते माझ्यामुळेच."

मी शेगडीत एक लाकूड सरकवलं. मग सुचलं ते बोललो. "अहो आजी, लहान मुलांनी मागून वादळं येत असती ना, तर आमच्या पुण्यात एकसुद्धा परीक्षा झाली नसती. मी स्वतः गणिताच्या पेपरच्या आधी पूर मागितला होता. साधी सर आली नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि डोळे वाहत असतानाही त्या हसतच होत्या. त्यांनी माझा हात धरला. "इतक्या वर्षांचं ओझं उतरवलंत तुम्ही."

मी आपला संकोचून म्हणालो, "त्यात काय एवढं!"

सकाळी अंधारातच आम्ही निघालो. धुकं तसंच. वाळूवरून सगळं गाव कंदील घेऊन चाललेलं. माणसं दिसत नव्हती, नुसते उजेडाचे गोळे तरंगत होते आणि पायांखाली शिंपले करकरत होते. कुणी बोलत नव्हतं. एका हातात टूलबॉक्स, दुसऱ्या हाताला आजी, असा मी मधोमध चाललो होतो. एका जनरेटरसाठी एवढी शांतता! मला वाटलं, या लोकांना यंत्राची खरी कदर आहे.

पत्र्याच्या छपराचं एक इवलंसं चर्च आलं. आम्ही आत शिरलो. जनरेटर मागच्या खोलीत असेल, मी म्हटलं. मला पुढे नेऊन उभं केलं. समोर टेबल. त्यावर पांढरं कापड. घडी घातलेली स्वच्छ फडकी. काचेच्या छोट्या बाटलीत तेल. एक मोठी, न पेटवलेली मेणबत्ती.

व्वा! सांगितलं ते सगळं आणलं होतं. तेल जरा कमी होतं, पण ठीक आहे.

मी टूलबॉक्स टेबलावर ठेवला. उघडला. पाने काढून पांढऱ्या कापडावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले. स्क्रू ड्रायव्हर मांडले. मग कोटाच्या बाह्या वर सारल्या.

मागच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहून बघायला लागली.

पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "मम, हा काय करणार आहे?"

"शू!" तिची आई म्हणाली. "ते भारतातले आहेत."

मी वळलो. म्हणजे मान धरलेली, त्यामुळे अख्खाच वळलो, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "हां, तर जनरेटर कुठे आहे?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मर्व्ह हळूच उठला. "जनरेटर मागे शेडमध्ये आहे. पण... तो आत्ताच बघायचाय?"

"मग कधी? सर्व्हिस करायची ना?"

"सर्व्हिस..." मर्व्हचा चेहरा बदलत चालला होता. "एक मिनिट. तुम्ही फादर आहात ना?"

"आहे की!" मी अभिमानाने म्हणालो. "एक मुलगी आहे. बालवाडीत जाते."

आणि मग, मित्रांनो, मग माझी नजर मर्व्हच्या डोक्यावरून मागच्या खिडकीच्या काचेत गेली. बाहेर अंधार, आत कंदील, त्यामुळे काचेचा आरसा झालेला. त्यात एक माणूस उभा. लांब काळा कोट. गळ्याशी पांढरी पट्टी.

कुणासारखा दिसतोय ते एका क्षणात आठवलं!

चर्चमधल्या प्रार्थनेलाही इंग्रजीत सर्व्हिसच म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. कालचं एकेक वाक्य डोक्यात उलटं फिरायला लागलं. 'आत सगळी घाण साठली असेल.' हे मी कुणाला म्हणालो होतो? अख्ख्या गावाच्या आत्म्यांना!

मी पट्टा काढून दाखवला. "मान धरलीय," मी पुटपुटलो. "आईचा पट्टा आहे. मी जनरेटरवाला. हिंदू आहे."

मग उलगडा झाला. रेडिओवर मर्व्हला एवढंच ऐकू आलं होतं की शनिवारच्या बोटीने भारतातला माणूस सर्व्हिससाठी येतोय. भारतातले निघाले होते दोघं. दुसरे केरळचे खरे फादर, धुक्यामुळे पोचायला उशीर होऊन त्यांची बोट चुकली आणि ते ब्लफला बसून राहिले.

माझी मान आपोआप खाली गेली, दुखत असूनही. लोकांचा सण मी घालवला होता. आणि आजी! त्यांनी जन्मभर कुणाला न सांगितलेलं मला सांगितलं, पाद्री समजून. मी त्यांच्यासमोर गेलो. "आजी, मला माफ करा. मला कळलंच नाही. ते ऐकायचा मला काही अधिकार नव्हता."

आजींनी तोंडावर रुमाल धरला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय? मी जवळ वाकलो. त्या हसत होत्या.

"खरा फादर असता," त्या म्हणाल्या, "तर प्रायश्चित्त म्हणून मला रोज म्हणायला प्रार्थना दिल्या असत्या. तू पुण्याच्या परीक्षा दिल्यास. मला त्याच पुरल्या."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण मला ऐकू आलं, कालचं तुम्ही आज तू झालं होतं.

मग त्या उठल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. "आमच्या गावात नंतर नंतर पाद्री आला नाही तरी आम्ही घरी जात नव्हतो. बोट चुकली ती पाद्र्याची. देवाची थोडीच चुकली? जो असेल तो दिवा लावायचा." आणि माझ्याकडे बघून, "लाव."

"मी?"

"बाहेरून तूच आला आहेस ना?"

माझ्या हाताला काडी लागेना. चिमुरडीने काडेपेटी दिली. पान्यांच्या ओळीच्या मागे ती मोठी मेणबत्ती मी पेटवली, आणि तोंडातून आपोआप, संध्याकाळी आई देवापाशी म्हणायला लावायची ती दिव्याची प्रार्थना बाहेर पडली. मराठीत, पुणेरी उच्चारांत. कुणाला एक अक्षर कळलं नाही. सगळे "आमेन" म्हणाले.

मर्व्हने पुस्तक उघडून वाचलं. त्यांची पेटी विजेवर चालणारी, म्हणून बंद. मग ते नुसत्या गळ्याने गायले. कोळ्यांचे जाड आवाज, बायकांचे बारीक आवाज, मधेच पोरांचे भलतेच. बाहेर धुकं पांढरं होत गेलं, मग पिवळसर. खिडकीत समुद्र दिसायला लागला, आधी एक रेघ, मग दोन. आजींनी डोळे मिटले होते. त्या गात नव्हत्या. कदाचित त्या तिथे नव्हत्याच, फार उत्तरेला कुठेतरी उन्हातल्या बर्फावर होत्या.

तो दिवस कसा गेला मला नीट सांगता येणार नाही. प्रत्येक घरात मला बोलावलं. मासे, गरम बन, पुन्हा मासे. मी शाकाहारी आहे असं सांगितल्यावर मासे काढून बटाटे वाढले. आजींच्या सामानाची बांधाबांध केली, त्यांच्याबरोबर वाळूवर हळूहळू फिरलो. सोमवारी सकाळी बोटवाला घाई करायला लागला, पाणी उतरतंय म्हणून. सगळं गाव धक्क्यावर. आजी बोटीत माझ्या शेजारी बसल्या, मुलाने त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली. बेट मागे मागे जात लहान होत गेलं, त्या मागे वळून बघत राहिल्या आणि मीही बघत राहिलो, अख्खा वळून. मला इतकं भरून आलं होतं की ब्लफपर्यंत डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

मंगळवारी ऑफिसात पोचलो तर ग्रॅहम फोन ठेवत होता.

"मकरंद, त्या बेटावरून मर्व्ह होता, रेडिओवरून फोन जोडून. म्हणाला, अशी सर्व्हिस गावाने आजवर पाहिली नाही. लोक रडले म्हणे."

मी नम्रपणे खाली बघितलं.

"शेवटी त्याने एवढंच विचारलं," ग्रॅहम म्हणाला, "की जनरेटर दुरुस्त करायला कोण येणार आहे?"